वाचकांचे प्रश्न : घरच्या फोर्कचा सांभाळ

प्रश्न : आमच्या कंपनीत ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या (क्रिप्टोग्राफीच्या) मुक्त लायब्ररीच्या १.१.१ आवृत्तीचा स्वतःचा फोर्क, म्हणजे मूळ कोडपासून वेगळी काढलेली प्रत, वापरला जातो. गेल्या काही वर्षांत त्यात चाळीसएक पॅच (मूळ कोडमध्ये केलेले छोटे बदल) साचले असून ते लिहिणारे बहुतेक सहकारी आता कंपनीत नाहीत. मूळ प्रकल्पातील सुरक्षाविषयक दुरुस्त्या आम्ही हाताने उचलून घेतो. हे असेच चालू ठेवावे का?

उत्तर : चालू ठेवू नये. १.१.१ चा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला, म्हणजे आज आपण ज्या दुरुस्त्या उचलता त्या ३.० किंवा त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी लिहिलेल्या असणार. ३.० मध्ये आतली रचना बरीच बदलल्यामुळे अशी दुरुस्ती कधी लागूच होत नाही, आणि कधी विनातक्रार लागू होऊनही मूळ दोष तसाच राहतो. यातली दुसरी शक्यता मला अधिक घातक वाटते.

पॅच लहान आहे म्हणून तो निरुपद्रवी मानू नये. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये, मेमरीतील चुका शोधणारे व्हॅलग्राइंड हे साधन अनारंभित (आधी मूल्य न भरलेल्या) मेमरीबद्दल इशारे देते म्हणून, दोन ओळी बंद करण्यात आल्या. त्यांपैकी एका ओळीतूनच, गुप्त किल्ल्या बनवायला लागणाऱ्या यादृच्छिकतेचा सारा कच्चा माल आत येत होता. ती गेल्यावर बीज (यादृच्छिक आकडे ज्यापासून तयार होतात ते मूल्य) म्हणून जवळजवळ केवळ प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक उरला, आणि त्याच्या शक्यता जेमतेम ३२,७६८. त्यामुळे किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या झाल्या, पण त्या दिसायला व्यवस्थित होत्या, कुलपेही उघडत होती. त्यामुळे मे २००८ पर्यंत हा दोष उघड झाला नाही.

तेव्हा आधी प्रत्येक पॅचपुढे तो का घातला हे लिहून काढावे. ज्याचे कारण कोणालाच सांगता येत नाही, तो वगळून चाचण्या चालवाव्यात आणि काय बिघडते ते पाहावे. इतरांच्याही उपयोगाचे पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवावेत. स्वतःचा अल्गोरिदम जोडायचा असेल तर ३.० पासून प्रोव्हायडरची (बाहेरून जोडता येणाऱ्या भागाची) सोय आहे, त्यासाठी मूळ कोडला हात लावावा लागत नाही. उरतील ते मोजके पॅच स्वतंत्र कमिट (नोंदवलेले वेगवेगळे बदल) म्हणून ठेवून मूळच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर रिबेस करावेत, म्हणजे नव्याने चढवावेत. गूगलकडे असे सत्तरहून अधिक पॅच झाले, तो भार पेलेना, म्हणून २०१४ मध्ये त्यांनी बोरिंगएसएसएल हा फोर्क वेगळाच काढला. मात्र त्यासाठी त्यांच्याकडे पूर्णवेळ माणसे होती. आपल्याकडे तशी नसतील तर त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : आमच्या फोर्कमध्ये एका सहकाऱ्याने वेग वाढवण्यासाठी क्रिप्टो-मेमसीएमपी (CRYPTO_memcmp) या फंक्शनच्या जागी साधे मेमसीएमपी (memcmp) वापरले आहे; दोन्ही फंक्शने मेमरीतील दोन तुकडे जुळतात का ते पाहतात. सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात. यात काही गैर आहे का?

उत्तर : आहे. साधे मेमसीएमपी बहुधा पहिला फरक सापडताच थांबते. त्यामुळे मॅक (संदेश खरा आहे हे दाखवणारा सांकेतिक शिक्का) तपासताना नकार किती लवकर आला, यावरून सुरुवातीचे किती बाइट जुळले याचा अंदाज घेता येतो, आणि पुरेशी मोजमापे जमवली की एकेक बाइट ओळखत पुढे सरकता येते. क्रिप्टो-मेमसीएमपी फरक कुठेही असला तरी शेवटच्या बाइटपर्यंत जाते. आपल्याला दिसलेला संथपणा हेच त्याचे काम आहे. चाचण्या उत्तर बरोबर आहे का एवढेच पाहतात, त्याला लागलेला वेळ मोजत नाहीत. हा बदल आजच मागे घ्यावा, आणि त्याच सहकाऱ्याचे इतर 'जलद' बदलही याच नजरेने तपासावेत.