स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठीची फ्लोअरटाइम थेरपी म्हणजे घरी मुलाशी खेळणंच ना? मग पुण्यात थेरपिस्टला पैसे कशाला द्यायचे?

खेळच, पण डोळसपणे. अमेरिकी बालमनोविकारतज्ज्ञ स्टॅनले ग्रीनस्पॅन आणि मानसशास्त्रज्ञ सेरेना वीडर यांची ही पद्धत. मूल ज्यात रमलंय, तिथे आपण जमिनीवर बसून सामील व्हायचं.

तुमचा मुलगा गाडीचं चाकच फिरवत बसतो म्हणता ना? गाडी हिसकावू नका. चाकावर अलगद बोट ठेवा आणि थांबा. तो बोट ढकलेल, कदाचित तुमच्याकडे बघेलही. झाला एक संवाद! एका वेळी २० मिनिटं, दिवसातून काही वेळा.

थेरपिस्ट हवा तो मुलाला आवाज, स्पर्श, हालचाल कशी जाणवते हे ओळखून तुम्हाला शिकवायला. बाकी, कोथरूडहून औंधला ट्रॅफिकमधून रडवत नेण्यापेक्षा (आम्ही वर्षभर नेलं) घरच्या सतरंजीवर जास्त घडतं. आजीलाही बसवा, गुडघे साथ देत असतील तर. स्पीच थेरपी मात्र यासाठी बंद करू नका.