पाचवीतली वाचता न येणारी मुलं: नव्या ताईला पत्र

प्रिय नव्या ताईस,

नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या पालिका शाळेत वर्गशिक्षकांच्या मदतीला वर्षभर पूर्णवेळ काम करणार आहेस, तर पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांसोबत बसून एक कागद तयार कर. कोणता वर्ग, कोणती मुलं, रोज किती ते किती, कुठे बसायचं. हा कागद नसेल तर जुलै संपेपर्यंत तू बदली शिक्षक झालेली असशील. कुणी रजेवर, कुणी निवडणुकीच्या कामावर, कुणी ऑनलाइन माहिती भरण्यात. मोकळा वर्ग दिसला की सगळ्यांना तूच आठवणार. एखादा दिवस वर्ग सांभाळायला हरकत नाही, पण तुझा ठरलेला एक तास सोडून. बाकीचा दिवस वर्गशिक्षकांना मदत कर. तो एक तास मात्र कुणालाही देऊ नकोस.

त्या तासाला पाचवीतली वाचता न येणारी मुलं घे. बारा पुरेत, पंधराच्या वर गेलीस की तो पुन्हा वर्गच होतो. निवडताना वर्गशिक्षकांचं ऐक, पण स्वतः तपासही. एक पान लागतं: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून कर. जमला तर गोष्ट दे. तीनपेक्षा जास्त चुका झाल्या किंवा एकेक शब्द तोडत वाचलं, तर शब्दांवर ये. पाचांतले चार आले पाहिजेत. नाहीच आले तर अक्षरं, तिथेही पाचांत चार. मुलांना वाचता येतं का हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत हीच रीत आहे. चाचणीला बालभारतीचा धडा घेऊ नकोस. तो मुलांना पाठ असतो. बोट एका ओळीवर, तोंड दुसऱ्याच ओळीवर. आणि फळ्यावरचं सतत चुकीचं उतरवणाऱ्या मुलाला ‘कच्चा’ ठरवण्याआधी पहिल्या बाकावर बसवून बघ. फरक पडला तर डोळे तपासायला हवेत.

आता शिकवण्याचं. क ते ज्ञ असं ओळीने शिकवत बसलीस तर दिवाळी येईल आणि मुलाला एकही शब्द वाचता येत नसेल. म, क, र, ल, न, ब आणि काना एवढ्यावर सुरुवात कर: मका, नाक, लाल, बाबा, काम. पहिल्या आठवड्यात शब्द वाचता आला की मूल दुसऱ्या दिवशी आपणहून येतं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प या जोड्या एकाच आठवड्यात घेऊ नकोस. एक पक्कं झाल्यावरच दुसरं. पहिल्या वेलांटीपाशी हमखास अडतं, कारण ती डोळ्याला आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. ‘दिवा’ वाचताना मूल आधी ‘इ’ म्हणतं आणि मग ‘द’ शोधतं. बोट आधी अक्षरावर ठेवायला लाव. र ची सूर्य, चक्र, ट्रक आणि सुऱ्या यांतली रूपं अगदी शेवटी.

वस्तीत घरची भाषा हिंदी, कन्नड, बंजारा समाजाची गोरमाटी अशी काहीही असू शकते. ‘चमचा’तला च कुणी ‘चार’मधल्या च सारखा म्हटला, तर ती वाचनातली चूक धरू नकोस. शब्द कळला ना? मग पुढे चल. उच्चारावरून हसं झालेलं मूल मोठ्याने वाचायचं सोडतं, आणि मग त्याचं कुठे अडतंय ते तुला कळत नाही.

तासातली पहिली दहा मिनिटं तू गोष्ट वाचून दाखव, वीस मिनिटं गटाचं काम, वीस मिनिटं जोडीने वाचन, उरलेल्या दहांत त्याच शब्दांचं लेखन. दर सहा आठवड्यांनी तपासणीचं तेच पान नव्या मजकुरासह. खेळाच्या तासातून मुलं उचलू नकोस, वाचन ही शिक्षा होते. खिचडीच्या आधीची वेळही टाळ; वास सुटल्यावर जोडाक्षरं कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत. शाळा दोन सत्रांत असेल तर रिकामी खोली मिळणारच नाही. व्हरांडा चालेल, फक्त जागा रोज तीच हवी.

हे सगळं कोलमडतं ते गैरहजेरीने. दोन दिवस मूल दिसलं नाही तर तिसऱ्या दिवशी फोन, नाही लागला तर घरी जा. एकटी नको, कुणाला तरी सोबत घे. बाजार समितीत भाजी मार्केटला जाणारे बाप पहाटेच निघतात आणि दुपारी झोपलेले असतात. घरकामाला जाणाऱ्या आया संध्याकाळी भेटतात. रिचार्ज संपतं, नंबर बदलतात, म्हणून शेजारच्यांचाही एक नंबर लिहून ठेव. गावी निघालेल्या कुटुंबाला दोनच प्रश्न विचार: परत कधी, आणि तिथे शाळा कोणती. मग वर्गशिक्षकांकडून शिक्षण हमी कार्ड मिळवून दे, म्हणजे तिथल्या शाळेत मूल बसू शकतं. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. पालकांना ते माहीत नसतं.

मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नकोस. बंद खोलीत एकट्या मुलासोबत बसू नकोस. कुणी काही भयंकर सांगू लागलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही न कळवणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांग, मुलांसाठीच्या मदतीचा १०९८ हा नंबर पाठ ठेव.

आणि एक वही. प्रत्येक मुलाला एक पान: जूनची पातळी, आताची पातळी, अजून अडणारी अक्षरं, दोन फोन नंबर, गाव. निकालाच्या आधीच ती वर्गशिक्षकांच्या हातात दे आणि पानं उलटत एकेका मुलाबद्दल बोल. निकालानंतर सगळे सुट्टीवर जातात आणि जूनमध्ये वर्ग दुसऱ्याच शिक्षकांकडे गेलेला असतो. म्हणून एक झेरॉक्स मुख्याध्यापकांकडेही ठेव.