संमतिपत्रावरची सही पुरेशी आहे का?

प्रश्न : मी नागपुरात माहितीपट करतो. काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराच्या पत्नीने कर्जाविषयी कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने सांगितले, संमतिपत्रावर सहीही केली. आता मात्र ‘तो भाग काढा’ असे त्या म्हणतात. माझ्या माहितीपटाचा तोच गाभा आहे. काय करावे?

उत्तर : त्या ठाम असतील तर तो भाग काढावा. सही तुमची कायदेशीर बाजू राखील. पण हे दृश्य सावकाराच्या आणि मुलीच्या सासरच्यांच्या मोबाइलवर पोहोचेल, याची कल्पना त्यांना सही करताना होती का? पण भाग काढण्याआधी कच्चे संकलन (माहितीपटाची पहिली, अपुरी जुळणी) त्यांच्या घरी जाऊन दाखवावे, कारण पुष्कळदा आक्षेप सगळ्या मुलाखतीला नसतो, कर्जाच्या आकड्याला किंवा मागे दिसणाऱ्या पाटीला असतो, आणि तेवढे कापले की प्रश्न सुटतो. चेहरा धूसर करण्याचा उपाय गावात फारसा चालत नाही. आवाज आणि अंगणातला हापसा ओळख सांगतातच. (स्पर्धेची अंतिम तारीख जवळ आली आहे, हे कारण मात्र सांगू नका.) आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट २०११ मध्ये आला, त्याचे चित्रीकरण १४ वर्षे चालले होते. तुम्ही काटोलला किती वेळा कॅमेऱ्याशिवाय गेलात?