बाद झालेले मूल इंग्रजी बोलणार केव्हा?

मॅडम, चौथीच्या वर्गात इंग्रजीचे खेळ सुरू केल्यावर पहिले पंधरा दिवस सगळी मुले रमली, पण आता सात-आठ मुलेच खेळतात आणि बाकीची गप्प बसून पाहतात, असे आपण लिहिले आहे. ते वाचताना मला माझा जुना वर्ग आठवला. चित्रकार्डे कशी करावीत वगैरे आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून मला सर्वांत महागात पडलेल्या चुकीबद्दलच लिहिते.

मी रोज ‘सायमन सेज’ घेत असे. आज्ञेआधी हे शब्द आले तरच ती पाळायची, चुकले की मूल बाद. अडतीस मुलांपैकी तीस जण दहा मिनिटांत भिंतीपाशी बसलेले असत आणि उरलेल्या आठांचा उत्साह पाहून तास उत्तम झाला असे मला वाटे. ‘नी’ (गुडघा) आणि ‘नेक’ (मान) यांत गोंधळणारी मुलेच सर्वांत आधी बाद होत होती, म्हणजे ज्यांना सरावाची खरी गरज होती त्यांनाच तो सर्वांत कमी मिळत होता. सत्राअखेरीच्या तोंडी परीक्षेत एक मुलगी काहीच बोलेना. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “बाई, मला खेळायला मिळालंच नाही.” तिचे ते सत्र मी वाया घालवले, याची खंत मला अजूनही आहे.

त्यानंतर मी एकच नियम बदलला. जो चुकेल तो बाद होणार नाही, त्याच्यावर राज्य येईल आणि पुढच्या तीन आज्ञा तो देईल. कच्च्या मुलाच्या तोंडी त्यामुळे उलट जास्त इंग्रजी येऊ लागले. सुरुवातीला फळ्यावर आज्ञा लिहून ठेवाव्यात, म्हणजे राज्य आलेले मूल अडत नाही.

दुसरा खेळ जोड्या जमवण्याचा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक चित्र दोनदा काढावे, चौघांचा गट करावा आणि “डू यू हॅव अ मँगो?” असे पूर्ण विचारल्याशिवाय पत्ता द्यायचा नाही, असे ठरवावे. मराठीत आपण ‘तुझ्याकडे आंबा आहे का?’ असे विचारतो. त्यात ‘का’ शेवटी येतो आणि ‘हॅव’सारखे क्रियापदही नसते, त्यामुळे ही रचना नुसती समजावून मुलांच्या अंगवळणी पडत नाही, पत्ता मिळवण्यासाठी तीस वेळा विचारली की पडते. भांडण मराठीत झाले तरी चालेल, मागणी मात्र इंग्रजीतच हवी.

इंग्रजी शब्दांच्या भेंड्या मी या वयात घेत नाही. मराठीत शेवटचा उच्चार धरायची सवय असते, इंग्रजीत अक्षर धरावे लागते. ‘केक’ ऐकून मूल ‘के’ धरते आणि स्पेलिंग मात्र ‘ई’वर संपते. शिवाय त्यात एकही वाक्य बोलले जात नाही.

आपल्याकडे पाहणीला आलेल्यांनी ‘गोंधळ’ असा शेरा दिला, त्याबद्दलही लिहिते. आमच्या वरिष्ठ कार्यालयानेही तसाच शेरा देऊन भरलेल्या वह्या मागितल्या होत्या आणि मी घाबरून महिनाभर खेळ बंद करून स्पेलिंग लिहून घेतले. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरीही मुलाने तोंड उघडले की त्याला बेशिस्त म्हणावे, याचा मला मनापासून राग येतो. आता मी खेळ संपल्यावर त्यातलीच चार वाक्ये वहीत लिहून घेते. पाच मिनिटे लागतात आणि दाखवायला वहीही असते.

हा सारा अनुभव तिसरी-चौथीच्या मुलांचा आहे. मोठ्या वर्गांना तो जसाच्या तसा लागू पडेल, असे मी म्हणणार नाही. उद्या खेळ घेताना फक्त एवढे करून पाहा: पाच मिनिटांनी थांबून किती मुले बसून आहेत ते मोजा आणि तो आकडा इथे कळवा. पुढचे त्यावरून ठरवू.