पहिला पगार झालाय ना? मग आधी एवढंच कर

अभिनंदन! शेअर, म्युच्युअल फंड यांचं सध्या राहू दे. पहिले तीन महिने फक्त खर्चाची वही ठेव.

रोज रात्री दोन मिनिटं. चहा १५, रिक्षा ८०, मंडईतली भाजी १२०, जे असेल ते. मोबाईलवरून पैसे गेले की हातातून गेल्यासारखं वाटतच नाही, म्हणून हाताने लिही. माझ्या पहिल्या वहीत घरभाड्याखालोखाल मोठा आकडा बाहेरच्या खाण्याचा होता. कोथरूडच्या खोलीत ती बेरीज मी तीनदा करून पाहिली होती.

नवीन मुलं हमखास चुकतात ते इथे:

- महिनाअखेरी उरेल ते साठवू म्हणतात. उरत नाही. पगाराच्या दिवशीच रक्कम बाजूला काढ, हजार का असेना.
- क्रेडिट कार्डाचं ‘किमान देय’ भरून निश्चिंत होतात. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं. पूर्ण बिल भरता येत नसेल तर कार्ड घरी ठेव.
- जास्त व्याजाला भुलतात. मीही भुललो. ओळखीच्यांच्या शब्दावर एका पतसंस्थेत ठेव ठेवली आणि ती सुटायला चार वर्षं लागली. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, एका बँकेत, व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. पैसे ठेवण्याआधी हे विचारायला अजिबात लाजू नकोस.

सहा महिन्यांचा खर्च बँकेत साठला की पुढचं बोलू. तोवर वही घेऊन कधीही ये, आपण दोघं मिळून बघू.