४७ वरच्या क्राउनची डिस्टल मार्जिन उघडी का राहते?

डॉक्टर, ४७ वरचा (खालच्या उजव्या दुसऱ्या मोठ्या दाढेवरचा) क्राउन म्हणजे टोपी लॅबकडून आली की डिस्टल मार्जिन, म्हणजे मागची कडा, उघडी असते आणि बाईटही (दात मिटल्यावरचा चावा) उंच लागते, असं तुम्ही लिहिलंय. तोंडात फिरवून दातांचं डिजिटल माप घेणारा स्कॅनर बदलायचा विचार तूर्त सोडा. दोन्ही दोष वेगळे आहेत आणि दोन्हींची कारणं तोंडातच आहेत.

मार्जिनचं म्हणाल, तर कॅमेऱ्याला सरळ दिसत नाही ते स्कॅनमध्ये येत नाही. लाइट बॉडी (मापाचं पातळ सिलिकॉन) हिरडीखाली थोडी तरी शिरते, प्रकाश शिरत नाही. लाळेचा वा रक्ताचा थेंब राहिला तर सॉफ्टवेअर त्या थेंबालाच दात समजतं. पडद्यावर तो भाग गुळगुळीत, सुरेख दिसतो आणि फसगत तिथेच होते. म्हणून दोन कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारे दोरे) लावा: खाली ००० जाडीची, वर ० किंवा १, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडमध्ये भिजवून. कॉर्ड आत असतानाच सगळा क्वाड्रंट (जबड्याची ती अर्धी बाजू) स्कॅन करा: आधी ऑक्लूजल (चावायची बाजू), मग लिंग्वल (जिभेकडची), शेवटी बक्कल (गालाकडची). मग स्क्रीनवर ४७ तेवढा खोडा. वरची कॉर्ड ओली करून काढा, खालची राहू द्या, हलक्या हवेने वाळवा आणि लगेच फक्त तो दात घ्या. सल्कस (दात आणि हिरडीमधली फट) पुन्हा मिटायला वेळ लागत नाही.

डिस्टलसाठी तोंड पूर्ण उघडवू नका. अर्धवट मिटलं की गाल सैल पडतो आणि स्कॅनरची टिप मागे वळते. आपल्या सोलापुरात मावा-गुटख्याने तोंड आखडलेला पेशंट आला आणि लहान टिपही जात नसेल, तर त्या केसला सिलिकॉन इंप्रेशनच घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

बाईट उंच येते ती बहुधा बाईट स्कॅनच्या वेळी दात पूर्ण मिटलेले नसतात म्हणून. भूल दिल्यावर पेशंटला नेमकं चावता येत नाही, त्यामुळे शक्यतो भुलीआधीच बाईट घ्या. शेवटचाच दात घासल्यावर मागे आधार उरत नाही आणि एका बाजूच्या बाईटवर मॉडेल कलतं. अशा केसला दोन्ही आर्च (वरची आणि खालची दातांची पूर्ण रांग) आणि दोन्ही बाजूंची बाईट घ्यावी. स्क्रीनवरचे कॉन्टॅक्ट (दात एकमेकांना टेकतात त्या जागा) आर्टिक्युलेटिंग पेपरच्या, म्हणजे चावून बघायच्या रंगीत कागदाच्या, खुणांशी ताडून बघा.

मे महिन्यात बाहेर ४० अंशांच्या वर असतं. स्कॅनर दुसऱ्या क्लिनिकमधून आणला असेल तर एसीत थोडा वेळ ठेवून कॅलिब्रेट करा. चेअरचा लाइट तोंडावरून बाजूला.

पाठवण्याआधी रंग बंद करून नुसती मेश (स्कॅनचा बिनरंगी थ्रीडी आकार) फिरवून बघा. रंगाखाली झाकलेली फुगीर किंवा विरघळल्यासारखी मार्जिन तेव्हाच दिसते. लॅबला मात्र पीएलवाय फाइल द्या, एसटीएलमध्ये रंग जात नाही आणि हिरडी कुठे संपते हे टेक्निशियनला कळत नाही.