ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर दहा मिनिटं कोणी हात लावला नाही तर आपोआप लॉगऑफ कसं करायचं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की पंचवीस मशीन आहेत, सगळीकडे विंडोज, लोक चहाला जाताना स्क्रीन उघडीच टाकून जातात, आणि "हे लावलं तर स्टाफला अविश्वास वाटेल का?" बाकीचं वाचून मी पुढे गेले असते. या शेवटच्या वाक्यापाशी अडकले. वाटू द्या अविश्वास. एखाद्या महिन्यात सवय होते.

मी नागपूरला महालातल्या एका पतसंस्थेत पासिंगला होते. नाव घेत नाही. क्लार्कनं एंट्री करायची, मी स्लिपवरची सही नमुन्याशी ताडून माझ्या आयडीनं पास करायची, मग कॅशियरनं पैसे मोजायचे.

२०१७ चा मे. हॉलमध्ये एकच मोठा कूलर, खिडकीत बसवलेला, आणि त्याचं तोंड सरळ माझ्या टेबलावर. बारा वाजले की अख्खी शाखा हळूहळू माझ्याकडे सरकायची. मी जरा उठले की खुर्चीत कोणीतरी आहेच. "मॅडम, दोन मिनिटं, पाठ वाळवून राहिलो." पाठ वाळेपर्यंत समोर माझं पासिंगचं पान उघडं. आपल्या मशीनवर एंट्री मारायची, कूलरपाशी यायचं, मॅडम दिसल्या नाहीत की स्वतःच पास मारून उठायचं, असं सुरू झालं. मला माहीत नव्हतं असं नाही. दोनदा रागावले, मग सोडून दिलं. एवढं माझं चुकलं, ते कबूल.

त्याआधी फेब्रुवारीत मी साहेबांना म्हटलं होतं की तीन मिनिटांत स्क्रीन बंद होईल असं करून घ्या, पासवर्ड टाकल्याशिवाय उघडायला नको. साहेब हसले. "काहून? सारे घरचेच लोक आहेत. आपल्या लोकांवर भरोसा नाही का मॅडम?" शेजारी दोघं-तिघं उभी होती, तीही हसली. पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तर मे महिन्यातल्या त्या दुपारी मी तोंडाला स्टोल गुंडाळून, शिपायाला सोबत घेऊन सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरच्या बँकेत कॅश भरायला गेले. परत आले, माठातलं पाणी प्याले, कामाला लागले. तीन आठवड्यांनी एक बाई पासबुक घेऊन आल्या. त्यांच्या बचत खात्यातून १८,४०० रुपये गेलेले, आणि त्या तर त्या दिवशी गावातच नव्हत्या. शोधल्यावर कळलं की त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या दुसऱ्या बाईंनी स्लिप भरली होती. स्लिपवर खाते नंबर नाही. क्लार्कनं नावानं शोधलं आणि पहिलं आलं ते खातं उचललं. त्या दुसऱ्या बाईंच्या खात्यात होते दोनशे बारा रुपये. त्या तोवर भाड्याची खोली सोडून गेल्या होत्या आणि त्यांचा फोन लागेना. सही ताडली असती तर जागीच कळलं असतं. पण ताडणार कोण? एंट्री करणारा आणि पास करणारा एकच माणूस होता.

रेकॉर्डला काय दिसत होतं? माझा आयडी, वेळ १:५२. आणि माझ्या पर्समध्ये बँकेची छापील पावती, वेळ १:५८. म्हणजे पास झालं तेव्हा मी बँकेच्या रांगेत उभी होते. पावती साहेबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली, परत दिली. "पावती ठीक आहे मॅडम, पण आयडी तर तुमचाच ना? लॉगऑफ करून जायचं होतं." चार महिने ४,६०० प्रमाणे पगारातून कापून घेतले. फेब्रुवारीत जे घरचे लोक होते त्यांच्यातला एकही बोलला नाही की खुर्चीत कोण बसलं होतं.

याच्यावर कडी अशी, की सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या पोराला मी फोन केला. इतका वेळ कोणी काही केलं नाही तर तुमचं सॉफ्टवेअर बाहेर का पडत नाही, असं विचारलं. तो म्हणाला, "पडते ना मॅडम. पॅरामीटरमध्ये मिनिटं टाकायची असतात. तुमच्याकडे शून्य करून ठेवलंय. साहेबच म्हणाले होते, सारखं बाहेर फेकते म्हणून." एक आकडा टाकायचा होता फक्त! विंडोजचंही तेच. तेव्हा आमच्याकडे विंडोज ७ होतं. स्क्रीनसेव्हरच्या खिडकीत मिनिटं टाकून त्याच्या शेजारची, परत येताना लॉगऑन स्क्रीन दाखवा, ही चौकट टिक केली असती तरी भागलं असतं. एका मशीनला अर्धं मिनिट.

आता तुमचं. पहिली गोष्ट, तुम्हाला लॉगऑफ नको आहे, लॉक हवंय. लॉक म्हणजे दाराला कुलूप, आत चालू असलेलं काम चालूच राहतं. लॉगऑफ म्हणजे आतलं सगळं बंद. तुमच्या अकाउंटंटची सेव्ह न केलेली एक्सेल शीट गेली की तो साहेबांकडे जाईल आणि दुसऱ्या दिवशी तुमची सगळी व्यवस्था बंद पडेल. विंडोज ८ पासून पुढे लोकल सिक्युरिटी पॉलिसी नावाच्या सेटिंगच्या खिडकीत, सिक्युरिटी ऑप्शन्सच्या खाली, इंटरॅक्टिव्ह लॉगऑन: मशीन इनॲक्टिव्हिटी लिमिट असं सापडेल. आकडा सेकंदांत टाकायचा, पाच मिनिटांना ३००. शून्य म्हणजे बंद. होम एडिशनमध्ये ती खिडकीच नाही, तिथे स्क्रीनसेव्हरवालाच उपाय. डोमेन असेल, म्हणजे सगळी मशीन एका सर्व्हरच्या ताब्यात असतील, तर तिथल्या ग्रुप पॉलिसीतून सगळ्यांना एकदम लागतं, नसेल तर पंचवीस मशीन हिंडा.

नुसतं बसून राहिलं की लॉगऑफ, असं तयार सेटिंग साध्या विंडोजमध्ये नाही. रिमोट डेस्कटॉपच्या सर्व्हरवर, म्हणजे जिथे लोक लांबून जोडून काम करतात तिथे आहे, नुसतं पडून असलेलं कोणाचं सेशन किती वेळ ठेवायचं आणि मग तोडायचं की संपवायचं हे ठरवता येतं. काही जण टास्क शेड्युलरला, म्हणजे विंडोजमधल्या ठरलेल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीला, मशीन रिकामं (आयडल) दिसलं की shutdown /l ही लॉगऑफची कमांड चालवायला सांगतात. माझ्या मते भानगडीत पडू नका. शेड्युलरचं आयडल म्हणजे नुसता माऊस-कीबोर्ड नाही, तो प्रोसेसर आणि डिस्कही बघतो. त्यामुळे कधी बाहेर फेकेल त्याचा नेम नाही. हीच कमांड रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेला लावली तर मात्र कामाची आहे. घरी गेलेल्या माणसाची उघडी राहिलेली फाइल दुसऱ्याला फक्त वाचायला मिळते, ही कटकटही त्यात मिटते. आणि विंडोजचं कुलूप म्हणजे सॉफ्टवेअरचं लॉगऑफ नव्हे. सॉफ्टवेअरचा टाइमआउट वेगळा विचारून घ्या. कोणी शून्य करून ठेवलाय का तेही विचारा.

पंचवीस जण एकाच नावानं विंडोजमध्ये शिरत असतील तर हे सगळं वाया. आधी वेगवेगळे आयडी काढा.

आणि कोणी घरच्या लोकांचं कौतुक सांगू लागलं तर त्याला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ६६सी दाखवा. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख फसवणुकीच्या इराद्यानं वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आमच्या क्लार्कचा इरादा तसा नव्हता हे मलाही माहीत आहे, त्याला फक्त गरम होत होतं. पण त्याच्या घामाचे १८,४०० मी का भरायचे?

एक राहिलं. आमच्याकडे संध्याकाळी पिग्मी एजंटांच्या, म्हणजे रोजची बचत गोळा करणाऱ्यांच्या मशीनमधला डेटा चढवायचा, मग डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायचा. त्या वेळी कीबोर्डला कोणी हात लावत नाही आणि काम तर चालूच असतं. तिथे आपोआप लॉगऑफ लावला असता तर रोज रात्री बोंब झाली असती. तुमच्याकडे असं काही मशीन असेल तर त्याला लॉगऑफपासून दूर ठेवा. लॉक चालेल.

आणि खरं सांगायचं तर, माझ्या वेळी पाच मिनिटांचं लॉक असतं तरी १:५२ चा तो पास थांबला नसता. मी उठल्यावर अर्ध्या मिनिटात खुर्ची भरायची. दुसऱ्यानं माऊस हलवला की वेळ पुन्हा शून्यापासून मोजली जाते. तेवढ्यापुरतं साहेबांचं बरोबर होतं, उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबून स्क्रीन लॉक करायला हवी होती. आता मी मानेवाड्याकडे दुसऱ्या संस्थेत आहे. हात आपोआप त्या दोन बटणांवर जातो, अगदी पाण्याला उठले तरी. इथेही कूलर माझ्याच टेबलावर होता. पहिल्या आठवड्यात तो सभासदांच्या बाकांकडे वळवून घेतला. सभासद खूश आहेत, स्टाफ अजून कुरकुरतो.